बारा कंदांची थंडी

समुद्रापासून पायी दहा मिनिटांवर, दादरच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ठेवलेल्या कुंडीत रॅननक्युलसला फूल येते का, हा प्रश्न मी एका थंडीत हाती घेतला होता. त्याचे उत्तर एका शब्दात देता येईल. परंतु एका शब्दाच्या उत्तराला मी वर्गात कधी अर्ध्याहून अधिक गुण दिले नाहीत, आणि आता स्वतःसाठी नियम बदलणे बरे दिसणार नाही. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

या आठवड्यात माझा रात्रीचा पंखा पाचावरून तीनवर आला. मुंबईची थंडी अशीच मोजावी लागते. कपाटातले स्वेटर बाहेर येतात आणि ऊन दाखवून पुन्हा आत जातात. पहाटे फरशीवर पाऊल ठेवताना क्षणभर ते उचलून घ्यावेसे वाटते. मोरीजवळच्या फळीवर खोबरेल तेलाची बाटली असते. तिच्यातले तेल प्रथम धुरकट होते, मग तळाशी पांढरे बसू लागते. खोबरेल साधारण चोवीस अंशांच्या खाली गोठू लागते, हे मी मुलांना सांगत असे आणि घरी जाऊन बाटली पाहायला लावत असे. काल सकाळी ती बाटली अर्धी पांढरी झालेली दिसली आणि मला ती थंडी आठवली. वास्तविक ती काही कडक थंडी नव्हती. कोणाला आठवावी अशी तर नव्हतीच. पण तिचा प्रत्येक दिवस मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहून ठेवला आहे, आणि लिहिले नसते तरी तो मला आठवला असता.

ज्यांनी हे फूल पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन. कांदा आडवा कापल्यावर आतल्या पापुद्र्यांची जी गोल गोल रचना दिसते, तशी पाकळ्यांची रचना. मात्र प्रत्येक पापुद्रा पतंगाच्या कागदाहून तलम. रंग पांढरा, पिवळा, केशरी, गुलाबी. वास जवळजवळ नाही. दादरच्या फुलबाजारात अलीकडे थंडीच्या दिवसांत त्याच्या जुड्या येतात. विकणारे त्याला बिनकाट्याचा गुलाब म्हणून खपवतात. गुलाबाशी त्याचे काही नाते नाही. आपल्या लोणच्यातली कलौंजी आणि रानातली मोरवेल ही त्याची खरी भावंडे. रॅननक्युलस या लॅटिन शब्दाचा अर्थ लहानसा बेडूक. कुळातल्या पुष्कळ वनस्पती पाणथळ जागी वाढतात म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. नावावरून मात्र कोणी फसू नये. मी फसले ते एका वेगळ्याच शब्दावरून, ते पुढे येईलच.

कंद माझे नव्हते. ते स्टेलाचे होते.

आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडे आणि सर्वांना मिळून एक लांब, पूर्वेकडची गॅलरी. माझ्या डाव्या हाताला मर्लिन राहते. मूळची माहीमची, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, टेलिफोनच्या कचेरीतून निवृत्त झालेली, बोलायला मोकळी. स्टेला तिची थोरली बहीण. ती छत्तीस वर्षे निलगिरीतल्या एका निवासी शाळेत मेट्रन होती. मुलींची अंथरुणे, ताप, चोरून खाल्लेले चिंचेचे गोळे आणि वसतिगृहामागची फुलझाडे हे सर्व तिच्या ताब्यात. लग्न केले नाही. मग हृदयाने तक्रार सुरू केली आणि डॉक्टरांनी सांगितले की उंचावरची विरळ हवा आता सोसायची नाही, खाली समुद्रकाठी राहा. त्या वर्षी गणपती येऊन गेल्यावर ती दोन पेट्या घेऊन मर्लिनकडे आली.

पहिले दोन महिने मी तिला एकाच स्थितीत पाहिले: गॅलरीतली वेताची खुर्ची, ताठ पाठ, आणि मांडीवर एकावर एक ठेवलेले हात. ते हात मोठे होते, नखांच्या कडा मातीने कायमच्या रंगलेल्या. शाळेत मुलांना शिक्षा म्हणून हात बांधून बसवीत, तसे ते दिसत. मी येता जाता दोन शब्द बोले. ती मान हलवी. कधी म्हणे, "तुमच्याकडे सकाळ होतच नाय, टीचर. एकदम दुपार होते."

दिवाळीचे फराळाचे ताट द्यायला गेले तेव्हा मर्लिन मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटले.

"टीचर, ती चाललीय," ती हळू आवाजात म्हणाली.

"कुठे?"

"वर. परत. शाळेला पत्र टाकलंय गुपचूप. म्हणते, आवारात एक खोली द्या, भाडं देते, ईस्टरनंतर येते. डॉक्टर नाय बोलला तरी."

"तू समजावलेस?"

"मी काय समजावू? मी तिच्यापेक्षा बारा वर्सांनी लहान. माझं नाक पुसायची ती." मर्लिनने करंजी मोडली आणि खाल्ली नाही. "म्हणते, या गावात माझ्या हाताला काय काम नाय. झाडं जगत नायत, माणसं भेटत नायत. तुमी लावता ना गॅलरीत कायबाय? तिच्या पेटीत मुळं हायत. तिकडची. ती उगवून दाखवा. एक फूल आलं तरी बस. मंग बघू कशी जाते."

एका फुलाने एक माणूस थांबेल, हे अनुमान मला तेव्हाही कच्चे वाटले होते. परंतु मर्लिनचे डोळे पाहून मी तपशिलात शिरले नाही. मी होय म्हटले.

स्टेलाने कंद दाखवले ते टेबलावर वर्तमानपत्र पसरून. बारा होते. तपकिरी, सुरकुतलेले, वजनाला जवळजवळ काही नाही. चार-पाच बारीक बोटे एका देठाशी जुळलेली, जणू वाळलेल्या पक्ष्याचे पंजे.

"न्या," ती म्हणाली. "फुलणार नाय. तिकडे रातीला पाणी गोठतं, तवा हे खूश असतं. इकडे तुमी रातीला पंखा लावता."

"करून पाहू."

"पाहा. तुमी टीचर. तुमाला पाहायची हौस."

मी सहा घेतले आणि सहा तिच्याकडे ठेवले. आज वाटते, माझ्या त्या साऱ्या खटाटोपात एवढी एकच गोष्ट मी शास्त्रशुद्ध केली.

आता चुकीविषयी. लागवडीच्या माहितीत लिहिले होते की कंद भिजवावेत आणि लावण्यापूर्वी त्यांना कोंब आणावेत. हे वाक्य वाचून मला एका अक्षराचीही शंका आली नाही. कोंब आणणे हे काम मी आयुष्यभर करीत आले आहे. घरी मटकी, वर्गात हरभरा. रात्री भरपूर पाण्यात भिजत घालावे, सकाळी उपसून ओल्या पंचात घट्ट बांधावे, उबेला ठेवावे. पंचाच्या विणीतून पांढरी शेपटे बाहेर आली की समजावे, झाले. मी सहाही कंद रात्रभर भिजवले. सकाळी ते टम्म फुगलेले पाहून मला समाधान वाटले. जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधली, चाळणीत ठेवली, चाळणी डब्यात, आणि डबा गॅसच्या शेगडीशेजारी, जिथे मटकीला हमखास मोड येतात तिथे. दिवसातून दोनदा पाण्याचा हबका मारला. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात वास आला. तो मोडांचा वास नव्हता. पुरचुंडी सोडली तेव्हा आत तपकिरी लगदा होता आणि त्याला धरायला जागाच नव्हती.

बीजाला रुजण्यासाठी पाणी, हवा आणि ऊब लागते, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल. ते खोटे नाही. पण ते मटकीचे आहे, हरभऱ्याचे आहे. आपल्या हवेत, आपल्या शेतात वाढणाऱ्या दाण्यांचे आहे. थंडीची वाट पाहणारा कंद उबेत ठेवला तर तो रुजत नाही, कुजतो. सर्व जीवांचा नियम एकच असे मी मुलांना कधी शिकवले नव्हते. वागले मात्र तशीच. त्या दिवशी ते फडके मी तीन पाण्यांतून धुतले आणि बराच वेळ ते वाळत घालीत उभी राहिले, कारण त्यानंतर शेजारी जाऊन सांगायचे होते.

स्टेला खुर्चीत होती. मी उभ्याने सांगितले. विद्यार्थी सांगतात तसे, सुरुवातीपासून, काही न वगळता. रात्रभर भिजवले. फडक्यात बांधले. शेगडीशेजारी ठेवले.

"शेगडीशेजारी," ती म्हणाली.

"हो."

"का?"

"मटकीला तसेच करतात."

तिने माझ्याकडे पाहिले. मग मर्लिनला आत हाक मारून म्हणाली, "गो मर्लिन, ऐकलंस? टीचरनी माझ्या फुलांची उसळ केली." आतून मर्लिनचे हसू फुटले आणि ते आवरायच्या प्रयत्नात तिला ठसका लागला. स्टेला मात्र हसली नाही. तिचे मांडीवरचे हात सुटे झाले होते. ती खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठली.

"माझे सहा मी देनार नाय तुमाला," ती म्हणाली. "तुमचा फ्रिज मोठा हाय का?"

तिची पद्धत अशी. कंद घड्याळ लावून चार तास भिजवले. वर एक मिनिट नाही. मग नारळाच्या काथ्याचा भुसा ओला करून मुठीत पिळला. बोटांतून पाण्याचा एक थेंब यावा, दुसरा येऊ नये, अशी तिची कसोटी होती, आणि तिने तो मला सात वेळा पिळायला लावला. त्या भुशात कंद पसरून डबा फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. झाकण सैल. पंधरा दिवस. "हीच तुमची थंडी," ती म्हणाली, "कप्प्यात ठेवायची."

त्या पंधरा दिवसांत पलीकडच्या बिऱ्हाडातल्या सावंतवहिनी विरजण मागायला आल्या. वहिनी मालवणच्या, लालबागच्या चाळीत वाढलेल्या. माझ्या फ्रिजवर त्यांचा माझ्याइतकाच हक्क. डबा उघडून त्यांनी आत पाहिले, वास घेतला आणि मला बोलावले.

"बाईनू, ह्यां काय ता?"

"कंद आहेत, वहिनी. फुलांचे."

"माका वाटला सोडे." वाळवलेल्या कोळंबीला त्यांच्याकडे सोडे म्हणतात. त्यांनी एक कंद उचलून उजेडात धरला. "म्हटला, बाई शाकाहारी, आणि सोडे ओल्या भुश्यात ठेवतत. ह्येंका कोणी काय शिकवक नाय."

पंधराव्या दिवशी सहापैकी पाच कंदांच्या बोटांना दोऱ्यासारखी पांढरी मुळे फुटली होती. सहावा गप्प राहिला. स्टेलाने त्याला बोटाने दाबून पाहिले आणि बाजूला ठेवले. तिच्या चेहऱ्यावर वसतिगृहाची वही भरताना असावा तसा भाव होता.

फ्रिजची थंडी आता संपली होती. पुढची थंडी कुंडीला द्यायची होती. इथे मला थोडीशी भरपाई करता आली. माठातले पाणी गार का होते? मातीच्या छिद्रांतून ते पाझरते, बाहेर त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते आतली उष्णता घेऊन जाते. मग कुंडीभोवती माठ का असू नये? मोठ्या मातीच्या कुंडीत लहान मातीची कुंडी ठेवायची, मधल्या फटीत वाळू भरायची, आणि फक्त वाळू ओली ठेवायची. आत मुळे कोरडी, बाहेर गारवा. हे मी पाठकोऱ्या कागदावर आकृती काढून, नावे देऊन दाखवले. स्टेलाने आकृती उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "ह्यात मटकी नाय ना?"

कुंड्या आणायला आम्ही दोघी शीवच्या अलीकडच्या कुंभारवाड्यात गेलो. मुंबईत आल्यापासून दवाखाना आणि चर्च सोडून ती प्रथमच कुठे गेली. भट्ट्यांचा धूर खाली बसलेला होता. कापसाच्या चिंध्या जळल्याचा तो वास, अंगणात उन्हाला लावलेल्या ओल्या कच्च्या मडक्यांच्या रांगा, आणि मडक्यावर टिचकी मारली की येणारा भरीव टण् असा आवाज. स्टेलाने किमान वीस कुंड्यांना टिचकी मारली. कुंभारीण कंटाळून म्हणाली, "मावशी, बाजा आहे का तो?" स्टेला म्हणाली, "तडा असेल तर तोंडाने सांगत नाय ना ती. विचारावं लागतं." परतताना टॅक्सीत कुंड्या आमच्या पायांत होत्या आणि साड्यांना लाल माती लागली होती. ती तिने झटकली नाही.

डिसेंबर. माझ्या चौकटींत लिहिले आहे: सकाळी सहा वाजता एकवीस, वीस, एकोणीस, पुन्हा एकवीस. सकाळचे वारे त्या दिवसांत जमिनीकडून येतात, कोरडे आणि हलके. दुपारनंतर ते फिरतात आणि समुद्राचा दमटपणा घेऊन येतात. हे मी पाठ्यपुस्तकातून कित्येक वर्षे शिकवले, पण अंगावर घेऊन तपासले ते त्या वर्षी, गॅलरीत दोन खुर्च्या टाकून. एक खुर्ची स्टेलाची, एक माझी. मध्ये कुंड्या. साडेसहाला पावाची सायकल, मग फुलबाजारातून परतणाऱ्या बायकांच्या रिकाम्या टोपल्या, मग समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागून एकदम वर येणारा सूर्य. अकराव्या दिवशी पहिली पाने आली, कातरलेली, ओलसर हिरवी. सावंतवहिनी जाता जाता वाकल्या आणि म्हणाल्या, "कोथिंबीर बरी रुजली हां." दुसऱ्या दिवशी एका पानाचा शेंडा खुडलेला होता. वहिनींनी ते नाकारले. हे झाड पोटात जाऊ देऊ नये, बाधते, एवढे मी त्यांना समजावून सांगितले; वाचकांनीही ध्यानात ठेवावे.

नाताळात मर्लिनच्या घरातून तळणीचा आणि नारळाच्या दुधाचा वास दिवसभर येत होता. आम्ही तिघी जमिनीवर बसून काट्याच्या पाठीवर कणकेच्या गोळ्या दाबून कुलकुल, म्हणजे नाताळचे गोड तळलेले शिंपले, वळत होतो. स्टेला बोलू लागली होती. गोठलेल्या दहिवराने पांढरे झालेले गवत आणि त्यावर पाऊल पडले की होणारा कुरकुर आवाज. बोटे सुजलेल्या मुली, ज्यांचे हात ती कोमट पाण्यात धरून बसे. कोण कुठे परिचारिका झाली, कोणाला जुळी झाली. वसतिगृहातल्या एका मुलीने पळून जाण्यासाठी खिडकीला चादरी बांधल्या, त्या सकाळी स्टेलानेच मुकाट्याने सोडवून, घडी घालून ठेवल्या होत्या.

"आणि ती मुलगी?" मी विचारले.

"नाश्त्याला होती. दोन अंडी खाल्ली."

मी ऐकत होते आणि मनात एक काळजी वाढत होती. ती जितकी बोले तितकी ती तिथेच असे.

जानेवारीत कुंड्यांची परीक्षा झाली आणि निकाल वाईट लागला. मावा पडला, कडुनिंबाच्या पाण्याने गेला, पण एक रोप घेऊन गेला. मकरसंक्रांतीनंतर चार दिवस ढगाळ, चिकट हवा आली आणि दोन रोपांची पाने बुडापासून पिवळी पडली. पाचांपैकी दोन उरली. त्याच आठवड्यात शाळेचे उत्तर आले. मर्लिनने ते मला गॅलरीतच वाचायला दिले, कारण स्टेला आता काहीच लपवत नव्हती. पत्र आपुलकीचे होते. आवारातली एक खोली एप्रिलपासून रिकामी होत होती, ती स्टेलासाठी ठेवली जाईल. फेब्रुवारीअखेर निश्चित कळवावे.

"काय करायचं?" मर्लिनने मला विचारले. स्टेला दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती.

मी पत्राची घडी घालून ते तिला परत दिले.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका रोपाच्या मधोमध हिरवे बटण दिसले. वाटाण्याएवढे, घट्ट, खाली मान घातलेले. आणि त्याच आठवड्यात ऊन तापू लागले. मुंबईचा फेब्रुवारी मोठा लहरी. सकाळी शाल, दुपारी घामोळे. कळी आणि ऊन यांची शर्यत लागली, आणि ऊन पुढे होते. वाळूला आम्ही तासातासाला पाणी घालीत होतो. साडेआठपासून गॅलरीतले ऊन कडक होई. तेव्हा स्टेलाने पेटीतून आपली डोंगरातली काळी छत्री काढली, खुर्ची कुंडीशेजारी ओढली आणि छत्री उघडून कळीवर धरली. स्वतः उन्हात.

सावंतवहिनींनी पहिल्या दिवशी पाहिले आणि पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना राहवले नाही. "स्टेलाबाय, पावसाक अजून चार म्हयने आसत."

"ठाव हाय."

"मगे हात दुखना नाय?"

"दुखतो. धर तू जरा."

वहिनींनी छत्री धरली. मग दहाच्या सुमारास मी, मग मर्लिन. ऊन गॅलरीतून जाईपर्यंत एकेक जण. खाली रस्त्यावरून लोक वर पाहत, आणि मर्लिन त्यांना हात हलवून दाखवी.

महिना संपायला सहा दिवस राहिले तरी कळी मिटलेलीच होती, आणि तिची कड तपकिरी होऊ लागली होती. त्या सायंकाळी वहिनी माझ्याकडे आल्या. "बाईनू, बाजारात ह्याच फूल मिळता. एक आणून तारेन बांधूया. म्हातारी रवात."

मी क्षणभर विचार केला, हे मान्य करते. फुलबाजार पाच मिनिटांवर होता. पण मग मला आठवले की स्टेलाने मर्लिनला एकदा अशी जुडी आणू दिली नव्हती; म्हणाली होती, ते कुठे रात्र काढून आलंय ते मना ठाव नाय. तिने ते फूल एका दृष्टीत ओळखले असते. आणि ओळखले नसते तर ते अधिकच वाईट झाले असते. शिवाय प्रयोगाचे निरीक्षण आपल्याला हवे तसे लिहू नये, हे मी ज्या मुलांना सांगितले ती आता स्वतः आजीआजोबा होण्याच्या वयाला आली आहेत. मी वहिनींना नाही म्हटले.

कळी उमलली ती सत्तावीस तारखेच्या सकाळी. रात्री वारा फिरला होता आणि पहाट अचानक गार पडली होती. चौकटीत सतरा अंश लिहिले आहेत. मी बाहेर आले तेव्हा स्टेला आधीच तिथे होती, छत्रीशिवाय, गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेली. फूल केशरी होते. लिंबाएवढे. एका बाजूच्या पाकळ्या जळून आखडलेल्या, दुसऱ्या बाजूच्या मोकळ्या. मधला हिरवा ठिपका उघडा दिसत होता, कारण तो झाकण्याइतक्या पाकळ्याच नव्हत्या. सूर्य टाकीवर आला आणि त्या मोकळ्या पाकळ्यांतून आरपार उजेड पडला.

"लहान हाय," स्टेला म्हणाली.

"हो."

"तिकडे असलं आलं असतं तर मी खुडून टाकलं असतं."

तिने बोटाने फुलाची मान वर केली आणि सोडून दिली. ती मान होती तिथेच ताठ राहिली.

फूल चार दिवस टिकले. तिच्या डोंगरात ते तीन आठवडे टिकत असे. महिनाअखेर आली आणि गेली, शाळेला पत्र गेले नाही, आणि मर्लिन व मी त्याविषयी एकमेकींशी बोललो नाही. पाचव्या दिवशी पाकळ्या गळल्या. स्टेलाने त्या गोळा करून मोजल्या: बेचाळीस. मी चौकटीत लिहून घेतले. पाने पिवळी पडू लागली तशी मी घाईने झारी उचलली. तिने झारीच्या तोंडावर हात ठेवला.

"आता पानी नाय. आता तिचं खाली काम चाललंय. पाना सुकली की कंद भरतो. त्याला सुकू द्यायचं."

"मग काढून ठेवायचे?"

"तिकडे आमी जमिनीतच ठेवायचो. इकडे कसं?" ती माझ्याकडे पाहत नव्हती, कुंडीकडे पाहत होती. "तुमच्या पावसात कपाटातल्या चपला हिरव्या होतात. जून, जुलै, ऑगस्ट. कुठं ठेवायचे? वाळूत ठेवले तर वाळू ओढते पानी. फ्रिजमध्ये ठेवले तर जागे होतील. दर आठवड्याला काढून बघावे लागतील. मर्लिनला जमायचं नाय. तुमाला तर नायच नाय."

मर्लिन दारात उभी होती, हातात तांदळाचे सूप. निवडता निवडता तिचा हात थांबला होता.

"मर्लिन," स्टेला मागे न वळता म्हणाली, "त्या खोलीचं त्यांना कळवायला हवं. कुणाला तरी उपयोगी पडेल."

"तूच कळव," मर्लिन म्हणाली. "तुझं इंग्लिश चांगलं हाय." आणि ती आत गेली. भिंतीपलीकडून तिने नळ सोडल्याचा आवाज आला. तो कितीतरी वेळ चालू होता. पाण्याची एवढी नासाडी मर्लिन एरवी कधी करीत नाही.

ते फूल आले म्हणून स्टेला राहिली का? मला नक्की सांगता येत नाही. फूल आले नसते तरी ती कदाचित राहिली असती. कुजलेल्या सहा कंदांनीही आपला वाटा उचलला असेल, किंवा छत्रीने, किंवा वहिनींनी. एका निरीक्षणावरून कारण ठरवू नये. ती राहिली, एवढे निरीक्षण मी लिहून ठेवते. ती आजही शेजारी आहे. त्या पावसाळ्यात दोन कंदांपैकी एक वाचला. तो पुढच्या थंडीत उगवला, पण फुलला नाही. त्यानंतर आम्ही दरवर्षी टपालाने नवे कंद मागवतो. एका वर्षी तीन फुले, एका वर्षी एकही नाही. काल खोबरेल गोठलेले तिला दाखवायला नेले, तर ती म्हणाली, "एवढ्या उशिरा? माझे कंद आठ दिवस झाले मर्लिनच्या फ्रिजात हायत." आणि दुसऱ्या डब्यासाठी मला भुसा पिळायला लावला. एक थेंब आला, दुसरा आला नाही. तिने मान हलवली.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर. दादरच्या गॅलरीत रॅननक्युलस फुलतो. पूर्वेचे ऊन हवे, चार तासांहून अधिक भिजवू नये, पंधरा दिवस फ्रिजची थंडी द्यावी, पंजे खाली करून लावावे, कुंडीभोवती ओली वाळू ठेवावी, आणि मुळांशी पाणी साचू देऊ नये. फूल लहान येईल, थोडे दिवस टिकेल, आणि काही वर्षी येणारही नाही. हे निष्कर्ष एका गॅलरीचे आणि मोजक्या थंड्यांचे आहेत. ते परळच्या गच्चीवर किंवा गिरगावच्या खिडकीत खरे ठरतीलच असे मी म्हणत नाही. आपण एक कंद लावावा, सकाळचे तापमान रोज लिहावे, आणि माझे कुठे चुकले असेल तर ते मला दाखवावे, एवढी विनंती आहे.